वाकडा तारा

यंदा नाताळात इलेक्ट्रिशियन लेकाचं कुणाशीच भांडण झालं नाही, आणि ही काळजी काही केल्या आईच्या मनातून जात नव्हती.

एरवी प्रार्थनाघरावर तारा चढवायचा म्हणजे दोन तासांचा तमाशा. शिडीवर लेक, खाली त्याचा शाळेपासूनचा दोस्त सुतार.

"डावीकडे घे, मेल्या. तुझ्या नाकासारखा वाकडा दिसतोय."

"मग तूच चढ. शिडीला तुझं वजन पेललं तर."

निम्मी गल्ली चहाचे कप घेऊन ऐकायला जमायची आणि सून खालून म्हणायची, "या दोघांनाच टांगा वर."

उन्हाळ्यात सून वारली. तेव्हापासून सगळे लेकाशी काचेचं भांडं हाताळावं तसं जपून बोलतात. सुतार तर अंत्यविधीनंतर फिरकलाच नाही. काय बोलावं तेच त्याला सुचत नाही, असं त्याची बायको म्हणाली.

आज लेकाने एकट्यानेच तारा चढवला. तो चांगलाच कलला होता. पाळकांनी मान वर करून पाहिलं आणि म्हणाले, "छान झालाय हो." लेक "बरं" म्हणाला, घरी आला, जेवला आणि स्वतःचं ताट धुऊन ठेवलं.

"तारा वाकडा लागलाय रे," आई म्हणाली.

"असू दे."

ना राग, ना हसू. तिलाही रडू येईना, नुसतं सुन्न वाटत होतं.

तिने सुताराचा नंबर शोधला. सांत्वनाला येऊ नकोस, त्याला शिव्या घालायला ये, एवढंच ती त्याला सांगणार होती.