चौबेजींची बेतवा

“यह तो नीली पट्टी है, सुधाजी. नदी किधर है?”

चौबेजींनी माझं चित्र तोंडाजवळ धरलं होतं आणि मान वळवून डोळ्याच्या कोपऱ्यातून ते बघत होते. त्यांच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार झाला होता. समोरचं पुसट व्हायचं, कडेचं तेवढं दिसायचं. आता तेही हळूहळू जाणार, असं ग्वाल्हेरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं. महिनाअखेरीला रिटायर होऊन ते समथरला, आपल्या गावी जायचे होते. निरोपाला काय देऊ, असं आम्ही विचारलं तर म्हणाले, “बेतवा का चित्र. पुल के पास वाली. जब तक दिखेगी, देखूँगा.”

ते काम माझ्याकडे आलं. मी झाशीच्या रेल्वे ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन. बाई असले तरी हुद्दा ड्राफ्ट्समनच. पुलांचे आणि शेडचे नकाशे मापात काढायचे, ही नोकरी. चौबेजी आमचे हेड. बेतवा नदीवरच्या पुलाची कुठलीही दुरुस्ती असो, तिचं ड्रॉइंग त्यांच्या हाताखालून गेलेलं. त्या काळी नकाशे रंगवत असत. लोखंडाला निळा, विटेला तांबडा, लाकडाला तपकिरी. पातळ रंगाच्या या हाताला आम्ही वॉश म्हणायचो. वॉश सगळीकडे सारखा हवा आणि एक रंग खडखडीत वाळल्याशिवाय त्याला लागून दुसरा द्यायचा नाही, हा तिथला कायदा. उजव्या हातात ब्रश आणि डाव्या हातात ब्लॉटर, म्हणजे टीपकागद. रंग रेषेबाहेर सरकला की टिपलाच. एकदा माझा रंग केसभर बाहेर गेला, तर याच चौबेजींनी अख्खं शीट पुन्हा करायला लावलं होतं. अशा तालमीत तयार झालेली मी नदी कशी काढणार? पट्टीनंच काढली. पुलाच्या गर्डरचा एकेक रिव्हेट, म्हणजे जोडाचा खिळा, दाखवला आणि खाली निळा वॉश दिला. तो इतका एकसारखा आला, की माझी मीच खूश झाले होते.

“सर, रिवेट तक सब हैं,” मी जरा फणकाऱ्यानंच म्हटलं.

“होंगे. मुझे एक नहीं दिखता.”

माझा चेहरा खर्रकन उतरला. ज्यांच्यासाठी चित्र काढलं, त्यांनाच ते दिसत नव्हतं. आणि त्यांच्याकडे दिवस थोडे होते.

“इतवार को नदी पर चलिए,” चौबेजी म्हणाले. “सबसे मोटा ब्रश लाना.”

रविवारी पॅसेंजरनं आम्ही ओरछ्याला उतरलो. चौबेजींना धरायला कोणी हवं, म्हणून माझे मिस्टरही आले. ते लोको शेडमध्ये फिटर. वाटेत त्यांची टकळी चालूच होती.

“अगं, सुट्टीच्या दिवशीसुद्धा पूलच का?”

“पूल नाही हो, नदी.”

“मग पाण्यालाही माप लावशील तू.”

पुलाजवळच्या खडकांवर बसलो. पावसाळा सरत आला होता. ऊन स्वच्छ होतं आणि पाणी अजून गढूळ.

“पूरा काग़ज़ भिगो दो,” चौबेजी म्हणाले.

“पूरा? सर, रंग फैल जाएगा.”

“फैलने दो.”

हा माणूस माझी परीक्षा घेतोय, असंच मला वाटलं. भीत भीत ब्रश टेकवला. रंग सुटला, भलतीकडे पळाला आणि माझा डावा हात त्याच्यामागे धावला.

“बाएँ हाथ में ब्लॉटर है न?” माझ्याकडे न बघताच चौबेजी म्हणाले. “इधर दीजिए.” घेतला आणि खिशात घातला.

पहिल्या कागदाचा मी चिखल केला. लावलेल्या रंगावर पुन्हा पुन्हा ब्रश फिरवत राहिले. दुसऱ्याला मिस्टर हसले.

“लगाओ और हाथ हटा लो,” चौबेजी म्हणाले. “बाक़ी पानी करेगा.”

मग मी चिडूनच भरपूर रंग घेतला, ओल्या कागदावर सोडला, बोर्ड तिरका केला आणि हात मागे घेतला. आभाळाचा फिका निळा रंग आपणहून खाली उतरला. नदीचा तपकिरी त्याला जाऊन भेटला. दोघांच्या मधे कोऱ्या कागदाची एक वाकडी फट राहिली, आणि ती नेमकी समोर उन्हात चमकणाऱ्या पाण्यासारखी दिसायला लागली. ती मी काढली नव्हती. खडकाला दिलेला काळपट रंग पाण्यात ओघळला आणि त्याची सावली झाली. तीही मी काढली नव्हती. मी नुसती बघत राहिले. वरून मालगाडी धडधडत गेली, पण मी मान वर केली नाही. इतकी वर्षं मी रंगाला धाक दाखवत आले होते, आणि धाक काढून घेतल्यावर तो हे असं काहीतरी करत होता! मिस्टरांच्या हातातले शेंगदाणे हातातच राहिले.

“हे तू काढलंस?”

“नाही माहीत मला,” मी म्हटलं, आणि चक्क रडू आलं.

कागद वाळल्यावर चौबेजींच्या हातात दिला. त्यांनी मान वळवली. चित्र सावकाश एका डोळ्याच्या कोपऱ्यातून दुसऱ्या डोळ्याच्या कोपऱ्याकडे नेलं. मग हसले.

“पानी उतर रहा है. धूप उस पार है.” चित्र आणखी जवळ धरून म्हणाले, “पुल कहाँ है?”

पुलाशेजारी बसून, पुलांचेच नकाशे काढणारी मी पूलच काढायला विसरले होते.

“सॉरी सर, अभी बना देती हूँ,” म्हणत मी पट्टी शोधायला लागले.

“रहने दो,” त्यांनी चित्र छातीशी धरलं. “पुल तो मुझे ज़बानी याद है.”

ते चित्र समथरला गेलं. तेव्हापासून चित्राला बसले, की काय सोडायचं ते मी आधी ठरवते. ऑफिसच्या ड्रॉइंगमध्ये मात्र रिटायर होईपर्यंत एकही रिव्हेट सोडला नाही. त्या पुलांवरून गाडी जायची असते.