मामीच्या कपाटातले दाखले

अनोळखी माणसाला काही विचारायचं म्हटलं की मला फार जड जातं. लहानपणी दुकानात भाव विचारायलासुद्धा मी आईला पुढे करायचे. आणि नोकरी मिळाली ती नेमकी विचारायची. आमची कंपनी गाड्यांचे भाग बनवते. त्यासाठी लागणारा माल ज्या लहान कारखान्यांतून येतो, तिथे कुणाला धाकात ठेवून, कोंडून किंवा कागद अडकवून कामाला लावलेलं नाही ना, हे वर्षातून एकदा जाऊन बघायचं. परदेशी गिऱ्हाइकांची तशी अट आहे. फॉर्मवर त्याला 'मॉडर्न स्लेव्हरी' म्हणतात. मी इंग्रजी शाळेत शिकले म्हणून फॉर्म भरता येतो, आणि घरी मराठी म्हणून कामगारांशी बोलता येतं. बहुधा एवढ्यासाठीच मला निवडलं असावं.

महाळुंग्यातला तो कारखाना वायरिंगचा होता. गाडीच्या आत जे तारांचं जाळं असतं, त्याच्या जुड्या तिथे लांब फळ्यांवर बांधतात. काम करणाऱ्या बहुतेक मुलीच, यवतमाळकडच्या, बारावी झालेल्या, एका ठेकेदाराने आणलेल्या. आत नेताना तिथला एचआरचा माणूस मला म्हणाला, "गुलाम शोधायला आलात ना मॅडम? मग आमच्यापासून सुरुवात करा. दोन दिवाळ्या झाल्या, गाव बघितलं नाही." मी हसले. अशा वेळी मला तेवढंच जमतं.

मुलाखती पॅकिंगच्या खोलीत, खोक्यांच्या मध्ये. दार बंद, कारखान्याचं कुणी आत नाही, एका मुलीला दहा मिनिटं. सगळ्यांची उत्तरं एकसारखी होती. जेवण चांगलं. सुपरवायझर चांगले. खोल्या चांगल्या. बाहेर जाता येतं? येतं. कुणी पढवून ठेवलंय हे मला कळत होतं, पण पढवलेलं उत्तर लिहायला फॉर्मवर वेगळी जागा नसते.

सातवी की आठवी मुलगी आत आली. बोटांच्या टोकांना काळी चिकटपट्टी गुंडाळलेली, तारांनी कापू नये म्हणून. तिनेही तीच उत्तरं दिली. मी पेनाला टोपण लावलं तेव्हा ती उठली नाही. खालच्या आवाजात म्हणाली, "ताई, ओरिजनल कागद परत भेटतात का?"

मग तिने सांगितलं. पहिल्याच दिवशी ठेकेदाराने सगळ्यांची बारावीची मूळ गुणपत्रिका आणि शाळा सोडल्याचा दाखला तपासायला म्हणून घेतला होता. ते कागद कुणालाच परत मिळाले नव्हते. तिचा नर्सिंगच्या कोर्सला नंबर लागला होता. तालुक्याच्या गावी जाऊन मूळ कागद दाखवायचे, तरच प्रवेश. तीन आठवडे उरले होते. तिने दोनदा मागून पाहिले. एकदा ठेकेदार म्हणाला, वर्ष पूर्ण कर मग बघू. दुसऱ्यांदा त्याने फोनच उचलला नाही.

कागद कुठे ठेवलेत, असं मी विचारलं. फॉर्मवरचा पुढचा प्रश्न तोच होता.

"जिथं आमी राहतो तिथंच. खोलीमालकाच्या घरात. मालकीणबाईच्या कपाटात." आणि मला पत्ता नीट कळावा म्हणून तिने सांगितलं, पाण्याच्या टाकीजवळचं तीन मजली घर, गच्चीवर सिमेंटची बैलजोडी आहे ते.

ते माझ्या मामाचं घर होतं.

जमीन एमआयडीसीत गेली तेव्हा आलेल्या पैशातून मामाने घर बांधलं आणि मागच्या बाजूला कामगारांसाठी दोन मजले खोल्या काढल्या. महाळुंग्यात निम्म्या घरांचं असंच आहे. मी मोशीला राहते, पण त्या घरात माझ्या किती तरी सुट्ट्या गेल्या आहेत. हे मी त्या मुलीला सांगितलं नाही. "बघते मी," एवढं म्हणाले. ती उठताना म्हणाली, "तीन हप्ते आहेत ताई." मी मान हलवली.

प्रत्येक तपासणीआधी मला एका कागदावर सही करावी लागते की या कारखान्याशी किंवा ठेकेदाराशी माझा, माझ्या घरच्यांचा काही संबंध नाही. त्या सकाळी सही केली तेव्हा ती माझ्या माहितीप्रमाणे खरी होती. दुपारी ती खोटी ठरली. नियमाप्रमाणे मी तेव्हाच ऑफिसातल्या माझ्या सरांना फोन करून कळवायला हवं होतं.

रविवारी मी मामाकडे गेले. मामा ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता. मामीने चहा टाकला आणि इतक्या दिवसांनी आठवण झाली का, म्हणून टोमणा मारला. विषय कसा काढावा हे मी बसमध्ये पूर्ण वेळ ठरवत होते, पण काढावाच लागला नाही. मागच्या मुली कशा आहेत, एवढं विचारलं तर मामी कौतुकाने सांगू लागली. पोरी गरीब आहेत, आवाज नसतो त्यांचा. त्यांचे कागदसुद्धा तिच्याकडेच असतात, कारण ठेकेदाराच्या ऑफिसात उंदीर झालेत. तिने मला आत नेलं आणि लोखंडी कपाट उघडलं. तिच्या ठेवणीतल्या साड्यांच्या खाली, जुन्या पातळाच्या धडप्यात बांधलेला गठ्ठा होता. डांबराच्या गोळ्यासुद्धा घातल्या होत्या.

मी गठ्ठा सोडला. एकेक प्लास्टिकचं पाकीट, वर नाव. तिचं पाकीट मला लगेच सापडलं. दाखल्यावर शाळेचा शिक्का होता, आणि वर्तणुकीपुढे निळ्या शाईत लिहिलेलं, 'चांगली'.

"न्यायचंय का तुला?" मामीने विचारलं. "न्हे की. तुज्या मामाला इचार म्हंजे झालं."

मी पाकीट हातात घेऊन ओट्यावर गेले. मामाला म्हटलं की एका मुलीला प्रवेशासाठी हे लागतंय. मामा रागावला नाही. त्याने आधी मला विचारलं की ती मुलगी माझ्या ओळखीची कशी. कंपनीच्या कामात भेटली, असं मी सांगितलं.

"मग तुला कळाया पायजे," मामा म्हणाला. "कागद हातात आलं की पोरगी दुसऱ्या दिवशी गाडी धरती. एक गेली की धा जात्यात. ठेकेदार काय करल? आन माज्या खोल्या?" मग तो म्हणाला, "तुमच्याच कंपनीला माल जातो ना गं त्यो? मग आमी तुमच्याच पोरी संभाळतोय म्हनायचं."

ती नोकरी सोडेल, पळून जाणार नाही; या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, हे मला म्हणायचं होतं. इंग्रजीत माझ्या डोक्यात पूर्ण वाक्य तयार होतं. मामाच्या पुढे मी आजवर कधी उलट बोलले नव्हते. पण खरं सांगायचं तर मी गप्प बसले ते फक्त लाजेने नाही. कागद गायब झाले की ठेकेदार विचारणार कुणी नेले, मग माझं नाव येणार, मग माझी ती सही. मी आत जाऊन पाकीट होतं तिथे ठेवलं. मामीने गाठ मारली. मी चहा प्यायले.

सोमवारी अहवाल भरायला बसले. दोष किती गंभीर, हे निवडायची त्यात एक चौकट असते. 'क्रिटिकल' निवडलं की दोन दिवसांत पुण्याच्या ऑफिसातून वेगळी टीम येते, कागद ठेवलेत त्या घरी जाते, फोटो काढते, मालकाचं नाव लिहून घेते, आणि कागद त्याच दिवशी परत होतात. 'मेजर' निवडलं की कारखान्याला सुधारणेसाठी तीस दिवस मिळतात, कुणी कुठे जात नाही. मी कॅलेंडर बघितलं. तीन आठवड्यांतले सहा दिवस आधीच गेले होते.

सरांचा फोन आला; मी भरत असलेला अहवाल त्यांना तिकडे दिसतो. माझ्या कामावर त्यांचा विश्वास आहे, ते फार विचारत नाहीत. "मूळ कागद ठेकेदाराकडे, असं लिहिलंयस. क्रिटिकल नाही ना?"

"नाही सर. कागद ठेवून घ्यायला मुलींच्या सह्यांचं संमतीपत्र आहे."

ते होतं. फक्त ते पूर्ण इंग्रजीत होतं, आणि हे मी सरांना सांगितलं नाही. कागद कुठे आहेत त्या रकान्यात मी आधीच 'ठेकेदाराच्या ताब्यात' लिहिलं होतं, ते तसंच ठेवलं. मेजर निवडलं.

पुढचे दिवस मी कारखान्याला मेल करत राहिले. आठवण, पुन्हा आठवण. लवकर परत केल्यास बरे, असंही लिहिलं. उत्तर यायचं की दिलेल्या मुदतीत करू. मुदत मीच दिली होती.

तिसाव्या दिवशी मी परत गेले. त्यांनी कॅन्टीनमध्ये टेबल मांडलं होतं. एचआरचा माणूस मुलींना पाकिटं छातीशी धरून उभं करत होता आणि मोबाइलवर फोटो काढत होता, अहवालाला जोडायला. त्यानंतर एकेक मुलगी माझ्यासमोर येऊन कागद मिळाल्याची सही करणार होती. आदल्या दिवशी मामीचा फोन आला होता. ठेकेदार गठ्ठा घेऊन गेला, आमच्याकडून काही चुकलं का गं, असं ती विचारत होती. मी नाही म्हटलं.

ती मुलगी आली. बोटांना तीच पट्टी. पाकीट तिने उघडूनही पाहिलं नव्हतं. प्रवेशाची तारीख उलटून गेली होती, हे आम्हा दोघींना माहीत होतं. तरी मी विचारलं की कॉलेजला फोन केला होता का, थोडी मुदत मिळते का. ती म्हणाली, केला होता, पुढच्या पोरीले सीट गेली.

मग तिने मागे उभ्या असलेल्या मुलींकडे एकदा बघितलं आणि आवाज खाली केला.

"तुमी त्या रविवारी मालकाच्या घरी आल्या होत्या ना? मी वरून पाह्यलं. गच्चीवर कपडे वाळू घालत होती मी. तुमच्या हातात माहं पाकीट होतं, मले वरूनच ओळखू आलं." तिच्या बोलण्यात राग नव्हता. राग असता तर मला बरं वाटलं असतं. "मले वाटलं, तुमी घ्यालेच आल्या. मी खाली येऊन दाराशी उभी राह्यली. मंग तुमी तशाच गेल्या."

ते घरमालक माझे मामा आहेत, हे मी तेव्हाही सांगितलं नाही. मी यादी तिच्यापुढे सरकवली आणि सही कुठे करायची ते बोटाने दाखवलं.