हायवेले पाठ, तलावाकडे दार

ज्योत्सना माही लहान बहीण. साकोलीत तिच्या दोन खोल्या आहेत, तेही हायवेच्या कडेले! आमच्या ढिवरांच्या मोहल्ल्यात एवढी हिंमत आजवर कोणी केली नाई. मी सातवी शिकलेला माणूस, पण छाती ठोकून सांगतो, अशी बहीण कुठं असन तं दाखवा.

बजारात मासे इकून इकून तिनं प्लाट घेतला. पुढं हायवे, मागं तलाव. म्हणे, "दादा, इथं खोल्या बांधीन अन् भाड्यानं देईन. जाळ्यात मासे लागो न लागो, भाडं तं येईन."

बांधकामावर उभा कोण? मी! भिंती अशा जाड घालून घेतल्या का हत्तीनं धडक मारली तरी हत्तीच खाली बसन. दार मात्र आम्ही तलावाकडे ठेवलं. हायवेकडे नुसती भिंत, साधी खिडकी बी नाई. ढिवराच्या घराचं दार पाण्याकडेच राहते. चुलीपाशी बसल्या बसल्या डोंगा दिसला पाहिजे, जाळं दिसलं पाहिजे. दार दुसरीकडे बी ठेवता येते, हे आमच्या डोक्यातच आलं नाई, बाप्पा!

छत पडलं अन् टेकचंद दलाल आला. घराले एक चक्कर मारली अन् पोट धरून हासला.

"मनिरामभाऊ, तुम्ही तं हायवेलेच पाठ दाखवली गा! इथं दुकान टाकलं तं गिऱ्हाईक काय तलावातून येईन?"

"बेंडकं येतीन ना तुह्या नात्यातले," मी म्हणलो. मी काय कोणाचं ऐकून घेतो का?

पण दुकानवाले येत, पाहत अन् चालले जात. खोल्या रिकाम्या अन् बँकेचा हप्ता सुरू. भिंत फोडून शटर लावाचं तं अजून कर्ज काढा. टेकचंदनं एक घेणारा आणला, तो मातीच्या भावानं मांगे. ज्योत्सनेचं तोंड एवढंसं झालं. म्हणे, "शनिवारी बयाना घेऊन या." तिची इतक्या वर्सांची मेहनत हातातून चालली होती!

बजार उठला का ती त्याच रिकाम्या खोलीत चटई टाकून पडे. एक दिवस मी गेलो तं डोळे मोठे करून उठून बसली.

"दादा, आईक."

"काय आईकू? काहीच आईकू येत नाई."

"तेच तं सांगून राहिली मी! एवढे ट्रक चालले, अन् इथं एक हार्न नाई येत!"

दुसऱ्या दिवशी सरकारी दवाखान्यातली नर्स रिंकू मासे घ्याले आली. डोळे लाल. म्हणे, "काकू, रातभर ड्युटी, अन् दिवसभर खोलीत हार्न. मी झोपू कवा?"

ज्योत्सनेचा इळा हातातच थांबला. "माह्या खोलीत झोपून पाह्य, पोरी. झोप नाई लागली तं आजचे मासे फुकट."

पोरगी दिवे लागेपर्यंत उठली नाई! सकाळी पेटी घेऊन हजर, अन् दुसऱ्या खोलीसाठी मैत्रीण बी संगं.

ज्योत्सनेनं टेकचंदले फोन लावला. "मले इकाचं नाई."

"त्या पोरी दोन दिवसात पळतीन," तो म्हणे, अन् शनिवारी त्या घेणाऱ्याले घेऊन आलाच. मी अन् ज्योत्सना पोचेपर्यंत त्यानं दारावर धाडधाड थापा मारल्या. दार उघडलं, अन् रिंकू केस मोकळे सोडून बाहेर!

"कोण आहे? रातभर पेशंट पाहतो आम्ही, दिवसा तरी झोपू द्या!"

घेणारा मांगं सरकत तलावाच्या पाळीवर जाऊन उभा राहिला. टेकचंद काही बोलणार, तं ज्योत्सनेनं ओठावर बोट ठेवलं.

"हळू बोला, टेकचंदभाऊ. माहे भाडेकरू झोपले आहेत."

काय बोलली माही बहीण! माहा आवाज तलावाच्या ह्या पाळीवरून त्या पाळीवर जाते, गावाले माईत आहे. पण आता तिथं गेलो का मी चपला हातात घेतो अन् तिच्या कानातच इचारतो, "ज्योत्सने, बाजूचा प्लाट कोणाचा आहे वं?"