मंजुळाकाकूंच्या उकिरड्याचा कोपरा

आमच्या शेजारच्या मंजुळाकाकूंच्या दारात त्या वर्षी पोळा झाला नव्हता. ऐन श्रावणात चांद्या बैल तिव्याच्या तापानं बसला. तिवा तीन दिवसांत उतरतो म्हणतात, पण चांद्या काही पुन्हा उठला नाही. काकूंनी पाटल्या मोडल्या आणि दुसरा बैल आणला, मोत्या. मग रोज संध्याकाळी तुळशीपुढं एकच मागणं, येत्या पोळ्याले मोत्या तोरणाखाली उभा राहू दे.

पुढच्या आषाढात गोठ्यात पुन्हा चांद्याच्या वेळेसारखीच धुसफूस सुरू झाली. दिवेलागणीला मोत्या पाय आपटायचा, कातडी थरथरवायचा. काकूंचा मुलगा उकंडराव मोताळ्याला गेला आणि गुरांच्या दवाखान्यातल्या नीळकंठ डॉक्टरांना घेऊन आला. डॉक्टर म्हणाले, तिवा पसरवणारी चिलटं डासाहूनही बारीक असतात. ती कुठून येतात ते आधी बघू.

त्यांनी पत्र्याच्या टोपीखाली कंदील टांगला आणि त्याच्याखाली साबणाच्या पाण्याची पांढरी थाळी ठेवली. उजेडाला आलेली चिलटं पाण्यात पडतात, एवढीच ती युक्ती. पहिल्या संध्याकाळी कंदील गोठ्यात लागला. काकूंनी लागलेला दिवा पाहिला, हात जोडले, टोपीला हळदकुंकू लावलं आणि थाळीत जास्वंदीचं फूल सोडलं. सकाळी चिलटांच्या मध्ये फूल तरंगताना पाहून डॉक्टर बुचकळ्यात पडले. उकंडराव हसत म्हणाला, “आई, हे कीडं धरायचं यंत्र हाय, देव नोहे.”

“दिवा त हाय ना बे?” काकू म्हणाल्या. डॉक्टरांनी फूल अलगद काढून बाजूला ठेवलं, हे मला आवडलं.

मग त्यांनी कंदील विहिरीजवळ टांगून पाहिला. थाळी जवळजवळ स्वच्छच राहिली. नंतर गोठ्याच्या भिंतीला लागून असलेल्या उकिरड्याजवळ टांगला, तर सकाळी थाळीत काळे तीळ ओतल्यासारखं दिसत होतं. डॉक्टरांनी सरळच सांगितलं, हा ओला उकिरडा इथून हलवा, चिलटं यातच वाढतात.

सगळ्यांनी काकूंकडं पाहिलं. कारण गावाला माहीत होतं. काकूंची आधीची दोन बाळं गेली होती. तिसरं झालं तेव्हा सुईणीनं त्याला सुपात घालून याच उकिरड्याच्या कोपऱ्यात ठेवलं, देवाला वाटावं की हे टाकलेलं लेकरू आहे, आणि मग उचलून घरात आणलं. तो जगला, म्हणून त्याचं नाव उकंडराव. उन्हाळ्यात सगळं खत शेतात जायचं, पण तो कोपरा काकूंनी कधी खणू दिला नाही. दिवाळीत तिथं पणती ठेवायच्या. वर्षानुवर्षं तो तसाच ओला, कुजत राहिला होता.

उकंडरावच म्हणाला, राहू द्या डॉक्टरसाहेब, आईचं मन मोडून मोत्या वाचवायचा नाही. डॉक्टरही कंदील विझवून सामान आवरू लागले.

काकू मात्र थाळीपाशी वाकून बसल्या होत्या. पाण्यात बोट घातलं, बोटाला चिकटलेली चिलटं उजेडात धरून बराच वेळ पाहिली. मग पदर खोचून उठल्या.

“लेकरू देवानं राखलं,” त्या म्हणाल्या. “कोपऱ्यानं नुसतं झोपू देल्लं त्याले. अन् कोपरा शेतात गेला म्हंजे काही मरते का तो? खत होते. आण बे ती टोपली.”

पहिली टोपली त्यांनीच भरली आणि डोक्यावर घेऊन निघाल्या. त्यांच्या मागं आम्ही बाया निघालो. दिवस मावळायच्या आत कोपरा रिकामा झाला. उकंडरावानं चिखल उपसून त्या जागेवर राख आणि चुना पसरला. कोपऱ्यातलं कुजलेलं खत काकूंच्या शेतात पडलं आणि बाकीचा उकिरडा गावाबाहेर शेताच्या कडेला गेला. मग गल्लीतल्या बाकीच्यांनाही आपापले उकिरडे हलवणं भाग पडलं. काकूंनी आपला हलवल्यावर कोण मागं राहील?

पोळ्याच्या आदल्या संध्याकाळी डॉक्टर पुन्हा कंदील घेऊन आले. सकाळी आम्ही सगळे थाळीभोवती गोळा झालो. बोटावर उचलता येतील एवढीच चिलटं होती. आणि जास्वंदीचं एक फूल. या वेळी डॉक्टरांनीच बाजूला होऊन काकूंना ते सोडू दिलं होतं.

त्या दुपारी मोत्या तोरणाखाली पहिल्या ओळीत उभा होता, शिंगांना हिंगूळ, पाठीवर झूल, मान अशी वर की उकंडरावाला कासरा आवरेना. घरी आणल्यावर काकूंनी त्याचे पाय धुतले आणि पुरणपोळी भरवली. दुसरी पोळी त्यांनी डॉक्टरांच्या हातात ठेवली.

“पुढच्या सालीबी आणा तुमचा दिवा,” त्या म्हणाल्या. “फूल मी ठेवीन.”

त्या दिवाळीत काकूंची पणती शेतात लागली, जिथं ती पहिली टोपली रिकामी झाली होती तिथं. तिथली तूर तोवर माझ्या कमरेच्या वर गेली होती.