आईच्या पाळण्यातली जास्तीची दोन अक्षरं

उभी हयात शाळेत मराठी शिकवण्यात गेली, त्यामुळे कविता दिसली की माझी बोटं आपोआप अक्षरं मोजायला लागतात. घरचे वैतागतात. वैतागू देत.

आईने माझ्या बारशाला स्वतः रचलेला पाळणा मात्र मी कधी मोजला नव्हता. मरोळच्या आमच्या जुन्या चाळीत कुणाचंही बारसं असो, बायका तिला तोच म्हणायला लावत. त्यातलं हे कडवं माझं फार लाडकं:

भोंग्या, वाजू नको आता
बाळ निजे गाता गाता

समोरच्या कारखान्याचा भोंगा खरंच चाळीतली सगळी बाळं उठवायचा. आता चाळही नाही, भोंगाही नाही. त्या दोन ओळी म्हटल्या की अजून घरी गेल्यासारखं वाटतं.

परवा नातीच्या बारशाची तयारी करताना मी तो पाळणा कागदावर उतरवला आणि सवयीने मोजला. ओळीला आठ अक्षरं, यमक चोख. घोडं अडलं ते शेवटच्या कडव्यात, जिथे बाळाचं नाव येतं तिथे. माझं नाव चार अक्षरी. ते घातलं की दोन अक्षरं जास्त होत होती आणि यमकाचाही पत्ता नव्हता. शिवाय हे एकच कडवं आई दोनदा म्हणायची आणि दुसऱ्यांदा नावाच्या जागी नुसतं गुणगुणायची.

“आई, माझ्यासाठी रचलास आणि माझंच नाव बसेना? दुरुस्त करू का गं?”

“हात लावू नकोस,” आई म्हणाली. “तुझ्यासाठी नव्हता तो. तुझ्याआधी एक मुलगी झाली होती गो. बारशाआधीच गेली. पाळणा रचून तयार होता.”

“मग माझ्यासाठी नवा रचायचास ना!”

“नवा रचला असता, तर तिचा कोण म्हणणार होतं?”

मला रडू आवरेना. त्या बहिणीचं नाव विचारायचा धीर काही झाला नाही.

बारशाला पाळणा मी म्हटला. शेवटचं कडवं नातीच्या नावाने झालं. तेच दुसऱ्यांदा म्हणताना मी नावाच्या जागी गुणगुणणार, तोच खुर्चीतून आईने एक दोन अक्षरी नाव घेतलं. खणखणीत.

“अगं बाई, पणजीबाई नाव चुकल्या!” बायका हसल्या. एकीने वाकून तिच्या कानात बाळाचं खरं नाव सांगितलं.

माझी बोटं पदराआड मोजत होती. आठ भरली. यमकही जुळलं.