केरसुणीवाला ओबडाया आणि तिसरीचा वर्ग

ओबडाया पिनॉक हे नाव मी प्रथम हजेरीच्या वेळी ऐकले. सेंट मेरी परगण्यातील आमच्या पिमेंटो हिल या गावी, बाप्टिस्ट चर्चच्या सभागृहात, मंगळवारी व गुरुवारी दुपारी चार वाजता प्रौढांचा साक्षरता वर्ग भरतो. त्या वर्गात मी वयाच्या एकोणसत्तराव्या वर्षी दाखल झाले. माझ्यानंतर तीन आठवड्यांनी ओबडाया आला आणि दुसरी जागा रिकामी नसल्यामुळे माझ्या बाकावर बसला. त्यापूर्वी चाळीस वर्षे मी त्याला पाहत होते, परंतु ओळखत नव्हते. पाठीवर केरसुण्यांचा भारा, खांद्याला गोणपाटाची पिशवी आणि कमरेपर्यंत जटा, असा तो रस्त्याने येताना दिसला की आम्ही आया मुलांना घरात ओढून घेत असू. हा काळ्या काळजाचा माणूस आहे, जी मुले ताटात अन्न टाकतात त्यांची काळजे काढून तो पिशवीत भरतो, असे आम्ही सांगत असू. मी माझ्या चारही मुलांना हे सांगितले आहे. ते येथे नमूद करणे मी आवश्यक समजते.

पुढील हकीकत त्याने त्या बाकावर बसून मला थोडी थोडी सांगितली. मी ती त्याच्या बाजूने लिहीत आहे.

ओबडाया अक्षरे शिकायला आला तो विद्येच्या ओढीने नव्हे. तो इथिएलच्या हेव्यापोटी आला.

झाले असे की, त्या वर्षी फेब्रुवारीत गावच्या प्राथमिक शाळेत तिसरीतल्या एका मुलाने झेफनी नावाच्या, जटा वाढवणाऱ्या रास्ताफारी पंथातल्या मुलीची एक जट कात्रीने कापली. का कापलीस, असे विचारल्यावर तो म्हणाला, “त्यांच्या केसांत विंचू असतात. माझी आजी सांगते.” मुख्याध्यापिका मिस लॅटिबोडेअर तेव्हा नव्याने आल्या होत्या. त्यांनी मुलाला मारले नाही. रास्ताफारी लोक जटा का वाढवतात, काय खातात, कोणाला मानतात, हे मुलांनी त्यांच्याच तोंडून ऐकावे, असे ठरवून त्यांनी दर बुधवारचा एक तास राखून ठेवला. त्या तासासाठी त्यांनी इथिएलला निमंत्रण पाठवले.

ओबडायाला ही बातमी शाळेच्या स्वयंपाकघरात समजली. तेथील स्वयंपाकीण मिस मर्डेल त्याच्याकडूनच केरसुण्या घेत असे.

“अरे, तुमचा माणूस येणार म्हणे मुलांना शिकवायला,” ती म्हणाली.

ओबडायाने केरसुणीची दोरी आवळता आवळता मान वर केली. “कोण, मी?”

“तू कसा? इथिएल. चष्मेवाला. तुला वाचता तरी येतं का रे?”

“जटांना वाचता यावं लागत नाही.”

“मग जटाच पाठव वर्गात. तू इथे बस, ब्रेडफ्रूट भाजते.”

ती हसली. ओबडाया हसला नाही. त्याने केरसुणी भिंतीला टेकवली आणि ब्रेडफ्रूट न खाताच तो निघून गेला. मिस मर्डेलच्या म्हणण्याप्रमाणे असे पूर्वी कधी घडले नव्हते.

हा इथिएल कोण, हे आता सांगितले पाहिजे. त्याचे जन्मनाव कार्लटन बायग्रेव्ह. तो पोस्टात कारकून होता. साठाव्या वर्षी निवृत्त झाला आणि त्यानंतर त्याने रास्ताफारी पंथ स्वीकारला. त्याला चार वर्षे झाली होती व त्याच्या जटा अजून खांद्यालाही टेकत नव्हत्या. ओबडायाच्या घरी मात्र दोन पिढ्यांची श्रद्धा. त्याच्या आईच्या जटा पोलिसांनी एकदा चौकीत नेऊन भादरल्या होत्या आणि तिने त्या पुन्हा वाढवल्या होत्या. लहानपणी हाच कार्लटन शाळेच्या कुंपणावर बसून ओबडायाच्या पाठीत हिरवे आंबे मारीत असे. “आणि नेमही चांगला होता त्याचा,” असे ओबडाया मला सांगे. तेवढे श्रेय त्याने कधी नाकारले नाही.

सर्वांत मोठी गोष्ट निराळीच होती. ओबडाया आठ वर्षांचा असताना, शाळेत घालून जेमतेम काही आठवडे झाले असता, त्याच शाळेच्या दारात तेव्हाचे मास्तर कात्री घेऊन उभे राहिले होते. केस काप किंवा घरी जा, असे म्हणाले. आई त्याचा हात धरून त्याला घरी घेऊन गेली. त्यानंतर तो त्या शाळेच्या स्वयंपाकघरात गेला, कुंपणाशी गेला, फाटकाशी उभा राहिला, परंतु वर्गाचा उंबरा त्याने कधी ओलांडला नाही. वर्गात जाऊन एकदा मुलांसमोर उभे राहावे, एवढी एकच इच्छा त्याने आयुष्यभर मनात ठेवली होती. आता तो उंबरा कार्लटन बायग्रेव्ह ओलांडणार होता, आणि तेही निमंत्रण येऊन.

म्हणून ओबडाया साक्षरता वर्गात आला. इथिएलसारखे कागद हातात धरून वाचता यावे, म्हणजे बाई आपल्यालाही बोलावतील, अशी त्याची अपेक्षा होती. पहिल्याच दिवशी त्याने आमच्या शिक्षिकेला विचारले, “किती दिवसांत येईल?”

“तुमच्यावर आहे.”

“बुधवारपर्यंत?”

बुधवारपर्यंत आले नाही. दुसऱ्या बुधवारपर्यंत त्याला स्वतःचे नाव लिहिता येऊ लागले, तेही वर चढत जाणारे. तिसऱ्या बुधवारी त्याला शाळेत केरसुण्या पोहोचवायच्या होत्या. खरे म्हणजे त्या गुरुवारी पोहोचवल्या असत्या तरी चालले असते. तो तिसरीच्या वर्गामागच्या लाकडी झडपांच्या खिडकीखाली भारा टेकवून बसला व दोरी सोडून पुन्हा बांधू लागला.

आतून इथिएलचा आवाज येत होता. मीठ का खात नाही, ते त्याने वाचले. रास्ताफारी ज्याला देव मानतात त्या सम्राटाचे चित्र दाखवले. एका मुलाने विचारले, “तुम्ही गांजा ओढता ना?” यावर इथिएलने इतके लांब व इतके काळजीपूर्वक उत्तर दिले की मुलगा आपला प्रश्नच विसरला. ओबडाया मनातल्या मनात दोष काढीत होता. येथे अडखळला. येथे खोकला. हे तर आईने मला चूल पेटवता पेटवता सांगितले होते, याला कागद लागतो.

मग इथिएल म्हणाला, “आता एका मुलाची गोष्ट ऐका. याच शाळेतला, याच वर्गातला. आठ वर्षांचा.”

ओबडायाचे हात थांबले.

ती त्याचीच गोष्ट होती. दारातील मास्तर, कात्री, आईचा हात, सर्व काही. इथिएल ती चांगली सांगत होता. मुलगा म्हणाला, कापू नका. मुलाने मान खाली घातली नाही. मुलाने शाळेकडे वळूनसुद्धा पाहिले नाही. गोष्ट संपली तेव्हा तिसरीच्या बत्तीस मुलांनी टाळ्या वाजवल्या आणि मुलाचे नाव कोणीही घेतले नाही.

शनिवारी अकीच्या झाडाखाली बैठक होती. रास्ताफारी मंडळी दर शनिवारी तेथे ढोल वाजवतात आणि मग ज्याला जे बोलायचे असेल तो ते बोलतो. ढोल थांबताच ओबडाया उठला.

“इथिएल, माझी गोष्ट तू शाळेत विकलीस.”

“विकली? फुकट दिली, भाऊ.”

“माझी होती.”

“तू ती इथंच सांगितलीस ना? याच झाडाखाली, गेल्या वर्षी?” इथिएलने चष्मा पुसला. “बैठकीत ठेवलेली गोष्ट बैठकीची होते. हे मला कोणी शिकवलं? तूच शिकवलंस.”

मंडळी हसली. एक म्हातारा म्हणाला, “बरोबर आहे, ओबडाया. तूच शिकवलंस.”

“नाव तरी घ्यायचं!”

“एकाचं नाव घेऊन त्याला भावांच्या वर चढवू नये, हेही तूच शिकवलंस.”

ओबडाया खाली बसला. रीत खरोखर तशीच होती आणि इथिएलने ती काटेकोर पाळली होती. त्याने आदराने केले, हेही ओबडायाला कळत होते. कळूनही छातीत जळत राहिले. रात्री कॅलालूची मिठाशिवायची पालेभाजी खाताना त्याला आणखी एक गोष्ट जाणवली आणि ती त्याने मला फार उशिरा, पेन्सिलीला टोक काढता काढता सांगितली. त्याला आता केवळ इथिएलचा हेवा वाटत नव्हता. त्या गोष्टीतल्या मुलाचाही वाटत होता. कारण ज्याने वळून पाहिले नाही, असा मुलगा तो कधी नव्हताच. बैठकीत सांगताना गोष्टीचा तेवढा भाग त्याने स्वतःच गाळला होता.

पुढच्या बुधवारी तो पुन्हा खिडकीखाली बसला. या वेळी भाऱ्याची दोरी सोडण्याचे सोंगही त्याने केले नाही. आत झेफनी, जिची जट कापली होती ती मुलगी, उभी राहिली व तिने विचारले, “त्या मुलाला परत शाळेत यावंसं वाटलं नाही का?”

इथिएलने कागद चाळले. कागदात हे नव्हते. “नाही,” तो म्हणाला. “कधीच नाही.”

“वाटलं!”

सर्व मुलांनी खिडकीकडे पाहिले. झडपांतून जटा दिसल्या आणि पहिल्या बाकावरचा मुलगा किंचाळला, “काळ्या काळजाचा माणूस!” मिस लॅटिबोडेअर दाराशी गेल्या. ओबडाया भारा तेथेच टाकून, वळसा घालून दारात पोहोचला होता. उंबऱ्यापाशी तो थांबला.

“आत येऊ का, बाई?”

“आपण कोण?”

“गोष्टीतला मुलगा.”

त्यांनी बाजूला होऊन वाट दिली. ओबडाया फळ्यापर्यंत गेला. इतकी वर्षे मनात जुळवलेले सुंदर बोलणे त्याला त्या क्षणी आठवेना.

“मी वळून पाहिलं,” तो म्हणाला. “दहा वेळा पाहिलं. मग रस्त्यात बसलो आणि आईला म्हटलं, काप माझे केस. इथंच काप आणि मला परत नेऊन सोड. मला पाढे आवडायचे.”

“मग कापले?” झेफनीने विचारले.

“आई म्हणाली, केसांना काही झालेलं नाही, शाळाच आजारी आहे. ती बरी होईपर्यंत थांब.”

“मग?”

“थांबलो.”

“किती दिवस?”

ओबडायाने बोटांवर मोजले. “छप्पन्न वर्षं.”

ज्या मुलाने कात्री चालवली होती, तो मागच्या बाकावर होता. त्याने हळूच विचारले, “पिशवीत काळजं आहेत का?”

“ये, बघ.”

मुलगा आला नाही. मग ओबडायाने पिशवी टेबलावर उपडी केली. ताडाची पाने तासायची सुरी, दोरीचे गुंडाळे, अर्धे भाजलेले ब्रेडफ्रूट आणि साक्षरता वर्गाची वही निघाली. वही उघडी पडली. आता मुले उठून टेबलाभोवती जमली.

“हे कोणी लिहिलं?”

“मी.”

“आजोबा, हे अक्षर उलटं काढलंय तुम्ही,” कात्रीवाला मुलगा म्हणाला. “आम्हाला पहिलीत शिकवलं हे.”

“मग दाखव काढून.”

मुलाने पेन्सिल घेऊन दाखवले. ओबडायाने त्याखाली तसेच काढले. पुन्हा उलटे आले. मुले हसली, परंतु ते हसणे निराळे होते. ओबडायाला छप्पन्न वर्षांनी या वर्गात चूक करण्याची संधी मिळाली होती व तो ती घाईने संपवीत नव्हता.

या सर्व वेळात इथिएल कागदांची घडी करून मागच्या बाकावर जाऊन बसला होता. घंटा झाल्यावर दोघे फाटकापर्यंत एकत्र चालले.

“पुढच्या बुधवारी तूच ये,” इथिएल म्हणाला. “कागदात नसलेलं तुझ्याकडे आहे.”

“तूही ये. ते गांजाचं तू सांग. मला एवढं लांबवता येत नाही.”

इथिएल हसला. “एक सांगू? त्या दिवशी मी वर्गातच होतो. खिडकीतून बघत होतो. मला गणितात सहा छड्या बसल्या होत्या आणि तू आईचा हात धरून घरी चालला होतास. इतका हेवा वाटला मला तुझा! म्हणून तर आंबे मारायचो.”

हे ऐकून ओबडायाला जे समाधान झाले ते त्याला लपवता आले नाही. “किती हेवा?” त्याने विचारले.

“फार.”

“माझ्यापेक्षा जास्त?”

“चल पुढे,” इथिएल म्हणाला.

त्यानंतर दोघेही बुधवारी जाऊ लागले. हेवा संपला, असे लिहिणे सत्याला धरून होणार नाही. मुलांनी इथिएलला जास्त प्रश्न विचारले की ओबडाया गुरुवारी आमच्या वर्गात पेन्सिल जोरात दाबून लिहीत असे आणि टोक मोडत असे. टोक मी करून देत असे.

वर्षाच्या शेवटी आमच्या शिक्षिकेने प्रत्येकाला एका ओळखीच्या माणसाविषयी लिहायला सांगितले. मी तुझ्याविषयी लिहीन, असे मी ओबडायाला सांगितले. त्याने बराच विचार केला, वही मिटली आणि तो म्हणाला, “माझं नाव सगळ्यात आधी लिही. इथिएलचं नंतर. पण लिही.”