संदर्भ क्रमांक सतरा

रुचिता रामटेके विशी पाहणार नाही, असं ती लहान असताना एका डॉक्टरांनी तिच्या आईला सांगितलं होतं. पुढे तिशीला टेकलेली हीच रुचिता साकोलीत, बसस्टँडमागच्या भाड्याच्या खोलीत बसून डॉक्टरांचेच लेख नीटनेटके करत होती.

तिला सिकलसेल होता. रक्तातल्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांमध्ये अडकतात आणि हाडांतून कळ उठते, असा तो आजार. आईवडील सिहोऱ्याजवळच्या गावात दुसऱ्यांच्या धानात रोवणीला जायचे. शाळेत बाई तिला खेळाच्या तासाला सावलीत बसवत. ती उठून मैदानात धावायची आणि मग कितीतरी दिवस अंथरुणाला खिळायची. तिला कोणी ‘बिचारी’ म्हटलेलं खपत नसे. नागपूरला जाऊन समाजकार्य शिकते म्हणाली तेव्हा नातेवाईक हसले. मधे दोनदा दवाखान्यात भरती होऊनही ती शिकून परतली.

काम दिलं ते डॉ. भैय्यालाल बिसेन यांनी. मूळचे तुमसरकडचे, आता नागपुरातल्या एका संशोधन संस्थेचे प्रमुख. रुचिताला एकदा रक्त मिळत नव्हतं तेव्हा त्यांनी स्वतः धावपळ करून ते मिळवलं होतं. हे ती विसरली नव्हती. त्यांचे सार्वजनिक आरोग्यावरचे लेख नियतकालिकांकडे जाण्याआधी तिच्याकडे येत. लेखाच्या शेवटी संदर्भांची यादी असते. आडनाव आधी, मग आद्याक्षरं, मग लेखाचं शीर्षक, नियतकालिकाचं संक्षिप्त नाव, वर्ष, खंड, पानं. प्रत्येक नियतकालिकाची तऱ्हा वेगळी, आणि एक स्वल्पविराम चुकला तरी लेख परत येतो. या कामाला लोक कंटाळतात, रुचिताला मात्र ते आवडायचं. शिवाय तिला एक सवय होती. नुसतं नाव लावून ती पुढे जायची नाही. ज्या लेखाचा हवाला दिला आहे तो उघडून, वाक्य खरंच तिथे आहे का, हे बघायची.

एका वर्षी डॉक्टरांचा लेख सिकलसेलवरच होता. त्यात एक वाक्य होतं: या भागातले रुग्ण अंधश्रद्धेमुळे औषध नियमित घेत नाहीत. त्यापुढे संदर्भाचा आकडा, सतरा.

तिने सतरावा लेख उघडला. तो दिल्लीचा होता. त्यात तेच वाक्य होतं आणि त्याला त्याहून जुन्या लेखाचा हवाला. त्या जुन्या लेखात आणखी जुन्या अहवालाचा. अहवाल इंटरनेटवर नव्हता, म्हणून तिने नागपूरच्या एका ग्रंथालयातून त्याची झेरॉक्स मागवली. गोंदिया हा वेगळा जिल्हा होण्याच्याही आधीचा तो अहवाल, आणि तोही दुसऱ्याच जिल्ह्याचा. तिथे एवढंच लिहिलं होतं की कर्मचाऱ्यांच्या मते लोक अंधश्रद्धाळू असावेत. कोणाला काही विचारलं नव्हतं, कोणाला मोजलं नव्हतं. ‘असावेत’चं ‘आहेत’ वाटेत कुठेतरी झालं होतं.

रुचिताने फोन लावला. डॉक्टरांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले, “तुले स्वल्पविराम पाहाले सांगितलं होतं, रुचिता. वाक्य माझं आहे.”

“वाक्य तुमचं आहे सर, पण त्याच्याखाली जमीनच नाही.”

ते म्हणाले, सगळेच हा हवाला देतात, तो नसला तर उलट विचारणा होते. मग आवाज मऊ करून म्हणाले, तू स्वतः पेशंट आहेस म्हणून मनाला लावून घेऊन राहिली. हे तिला झोंबलं.

“मनाले लागलंच आहे,” ती म्हणाली. “पण नसतं लागलं तरी तो संदर्भ खोटाच होता. मी तो लावत नाही.”

काम दुसऱ्याकडे गेलं. लेख छापून आला, सतरा नंबरासकट, आणि त्या संस्थेतून तिला पुन्हा काम आलं नाही. तिने नियतकालिकाच्या संपादकांना सविस्तर पत्र लिहिलं. त्यांचं दोन ओळींचं उत्तर आलं: आपला आक्षेप समजला, पण उलट पुरावा असल्यास तो पाठवावा. ती चिडली, आदळआपट केली. मग जेवता जेवता तिला पटलं की संपादकाचं बरोबर आहे. त्या वाक्याखाली पुरावा नव्हता, तसा तिच्या पत्राखालीही नव्हता.

पुरावा आपणच गोळा करायचा असं ठरवून पहिला प्रश्न तिने आपल्या आईलाच विचारला. सत्यभामाबाई तेव्हा अंगणात तूर पाखडत होत्या. माझं औषध कधी चुकलं का, आणि काहून चुकलं? सूप हलवता हलवता आईने सांगितलं की कितीदा तरी चुकलं. दवाखान्यात गोळ्या संपलेल्या असायच्या. दोन बसा बदलून जायचं आणि हात हलवत परतायचं. आणि एकदा, रुचिता कळांनी रडत होती तेव्हा, त्या तिला शेजारच्या गावातल्या वैदूकडे घेऊन गेल्या होत्या.

हे रुचिताला ठाऊक नव्हतं. घरात बाबासाहेबांचा फोटो, वैदूबिदूला थारा नाही, असं ती सगळ्यांना छातीठोक सांगत आली होती. हे लिहायचं की गाळायचं? गाळलं तर आपल्यात आणि त्या अहवालात फरक काय? ती अख्खा दिवस घुसमटली आणि लिहायचं ठरवलं.

नागपूरला तिला शिकवलेल्या प्राध्यापक रश्मी खोब्रागडे सोबत आल्या. महाविद्यालयाच्या नीतिसमितीची परवानगी त्यांनी काढली. मग रुचिता शहापूरपासून सिहोऱ्यापर्यंत घरोघर हिंडली. अंग दुखत नसेल त्या दिवशी निघायचं, दुखलं की थांबायचं. थंडीने कळा वाढल्या तसं सगळं काम बंद पडलं, उन्हाळ्यात पुन्हा उभं राहिलं. माणसं सांगत गेली. गोळ्या मिळाल्या नाहीत. रोवणी सोडून जाता आलं नाही. गोळीने मूल होत नाही असं कोणीतरी सांगितलं म्हणून सोडली. वैदूकडे गेलेलेही होते, पण बहुतेक जण दवाखान्यातून रिकामे परतल्यावरच गेले होते.

यावरचा तिचा लेख एकदा नाकारला गेला. दुसऱ्या नियतकालिकाच्या परीक्षकाने सुचवलं की डॉ. बिसेन यांच्या लेखाचं नाव घेऊ नये, उगाच कटुता येते. रश्मीमॅडमनाही वाटलं की तेवढं सोडून द्यावं, लेख तरी छापून येईल. रुचिता हटली नाही. तिने उत्तर पाठवलं: जे विधान मी खोडते आहे ते कुठे छापलं आहे, हे वाचकाला कळलंच पाहिजे. डॉक्टरांचा लेख तिने आपल्या यादीत नियमाने लावला, एक टिंब इकडचं तिकडे न करता. संपादकांनी तो ठेवला.

लेख छापून आल्यावर डॉ. बिसेन यांचा फोन आला नाही. ती पोरगी उपकार विसरली, असं ते म्हणाल्याचं मात्र कानावर आलं. रुचिताला वाईट वाटलं, रक्ताची बाटली आठवली. पण रक्त मिळवून दिलं म्हणून खोटं वाक्य चालवून घ्यायचं, हा सौदा तिने कधी केला नव्हता.

ती गावी गेली तेव्हा सत्यभामाबाईंनी लेख वाचून दाखव म्हटलं. रुचिता इंग्रजीतून मराठी करत वाचत गेली. एका आईने मुलीला वैदूकडे नेल्याची ओळ आली तशी ती अडखळली.

“हे माह्यं हाये ना?” आईने विचारलं.

“हो. पण नाव लिहीत नाहीत, आई. गुप्त ठेवतात.”

“कायले गुप्त?” सत्यभामाबाई म्हणाल्या. “पोरगी तडफडून राहिली होती अन् दवाखान्यात गोळी नोहोती. मी चोरी केली का? पुढच्या टायमाले नाव टाक. पुरं टाक, गावासकट.”

रुचिता त्यांना नियम समजावून सांगू लागली. सत्यभामाबाईंना तो काही पटला नाही.